संगमनेरचा याचिकाकर्ता

मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिलेल्या निकालपत्रात संगमनेरचा एक माणूस आहे. त्याच्याविषयी जेमतेम चार-पाच वाक्यं आहेत. गावाकडे तो चपला शिवायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. घर म्हणायचं ते पडलं. १९६९ मध्ये तो मुंबईला गेला आणि महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या एका गुंडाला तीनशे रुपये दिले. वर बांबू आणि प्लॅस्टिकचे सातशे. १९८० च्या जानेवारीत महापालिकेने ते झोपडं पाडलं. त्याने ते पुन्हा बांधलं.

संगमनेर माझं माहेर. त्यामुळे हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तिथेच थांबले. घटनापीठाच्या निकालात मोठमोठी कलमं असतात, जुन्या खटल्यांचे दाखले असतात, हे ठाऊक होतं. तिथे बांबूचा हिशेब सापडेल असं वाटलं नव्हतं. तीनशे आणि सातशे मिळून हजार, म्हणजे त्याचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, तोही चार बांबू आणि एका प्लॅस्टिकच्या कागदासाठी.

हे आकडे न्यायमूर्तींना आपोआप कळलेले नाहीत. कोणीतरी त्या माणसासमोर बसून विचारलं असणार, गावाहून कधी आलात, तिथे काय करत होता, जागेचे पैसे कोणी घेतले, किती घेतले, बांबू कितीला पडले. मग ते याचिकेत उतरवलं असणार, त्याला वाचून दाखवलं असणार, सही किंवा अंगठा घेतला असणार. मानवी हक्कांची वकिली म्हटलं की डोळ्यांसमोर काळा कोट आणि न्यायालयातलं घणाघाती भाषण येतं. माझ्या मते त्या कामाचा गाभा या प्रश्नोत्तरात आहे. ज्याचं म्हणणं आजवर कोणी लिहून घेतलं नाही, त्याचं म्हणणं तपशिलासकट कागदावर आणणं.

त्याच्या बरोबरीचा दुसरा याचिकाकर्ता तमिळनाडूतल्या सेलमचा. दुष्काळाने शेतमजुरी सुटली म्हणून १९६१ मध्ये मुंबईला आलेला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोज तेवीस रुपये मिळायचे. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली बायको आणि तीन मुलींसह राहायचा. मुलींची वयंही निकालात आहेत : सोळा, तेरा आणि पाच. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवरची माणसं हटवून आपापल्या गावी धाडण्याची घोषणा केली. दहाच दिवसांत, भर पावसात, या कुटुंबाचं झोपडं पाडलं आणि त्यांना सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र परत आला, कारण पोट मुंबईत होतं, आणि पुन्हा एका फूटपाथवर राहू लागला.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी पीयूसीएल आणि लोकशाही हक्क संरक्षण समिती या संघटनाही न्यायालयात गेल्या होत्या. संगमनेर आणि सेलमच्या या दोघांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर होते. या दोन वकिलांनी त्याच वर्षी, १९८१ मध्ये, मुंबईत ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही संस्था सुरू केली. आज मला लिहायचं आहे ते तिच्याविषयी, आणि त्याहून जास्त, अशी संस्था का लागते याविषयी.

निकाल लागायला चार वर्षं गेली. १० जुलै १९८५ रोजी, स्वतःच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तो दिला. घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, कारण माणसाच्या पोटाचं साधन काढून घेतलं की त्याचं जगणंच काढून घेतल्यासारखं आहे, असं पाच न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ असतं.

त्याच निकालात पुढे काय झालं हे मात्र फार जणांच्या लक्षात नसतं. फूटपाथ चालण्यासाठी आहे, तिथे राहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि अतिक्रमण काढण्याचा महापालिकेचा अधिकार वैध आहे, असंही न्यायालयाने ठरवलं. एरवी नोटीस द्यायला हवी, पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हटवू नये, काही जुन्या रहिवाशांना पर्यायी जागा द्यावी, एवढ्या सवलती मिळाल्या. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि तुळशीवाडीचा माणूस हरला. त्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास तो कुठे होता, हे निकालपत्रातून कळत नाही.

या गोष्टीचा मला अनेक वर्षं राग यायचा. त्या वाक्याचा उपयोग कोणाला झाला? ज्याने सही केली त्याला नाही. नंतर देशभरातले फेरीवाले, झोपडपट्टीवासी, विस्थापित त्या वाक्याचा आधार घेऊन न्यायालयात गेले, काहींना दिलासा मिळाला, हे खरं. पण किंमत एकाने मोजायची आणि फळ दुसऱ्यांना, हा व्यवहार न्याय्य कसा म्हणायचा? याचं सरळ उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. मात्र लॉयर्स कलेक्टिव्हचे पुढचे खटले एकापाठोपाठ एक वाचत गेले, तशी एक गोष्ट दिसू लागली. एकट्या माणसाला आयुष्यात असा एखादाच खटला झेपतो. त्यात हरला की तो घरी जातो, आणि जावंच लागतं. संस्था तोच प्रश्न दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या न्यायालयात, आठ वर्षांनी पुन्हा मांडू शकते. मागच्या वेळी कुठे अडलं, न्यायमूर्तींनी कशाची भीती बोलून दाखवली, कुठला पुरावा कमी पडला, हे तिच्या लक्षात असतं.

गोव्याची गोष्ट घ्या. डॉमनिक डिसोझा हा बार्देशमधला तरुण नियमित रक्तदान करायचा. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याच्याकडे आले. त्याला घेऊन गेले तेव्हा आपल्याला एचआयव्ही आहे हेही कोणी त्याला नीट सांगितलं नव्हतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नुकतीच एक तरतूद घातलेली होती, अशा व्यक्तीला वेगळं ठेवण्याची. क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत त्याला एकट्याला पहाऱ्यात ठेवलं. चौसष्ट दिवस. गुन्हा नाही, आरोप नाही, जामिनाचा प्रश्नच नाही.

त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका केली. लॉयर्स कलेक्टिव्हने ती लढवली. एचआयव्हीविषयी देशात भीती सोडून दुसरं काहीच नव्हतं अशा काळात हा खटला घेणं सोपं नव्हतं. वकिलांना आधी स्वतः तो आजार समजून घ्यायचा होता, मग न्यायमूर्तींना समजावायचा होता : हवेतून पसरत नाही, हात मिळवल्याने पसरत नाही, एका खोलीत कोंडल्याने समाजाचं रक्षण होत नाही, उलट बाकीचे लोक तपासणीलाच यायचे नाहीत.

डॉमनिक बाहेर आला, पण निकाल विरुद्ध गेला. एका माणसाचं स्वातंत्र्य आणि समाजाचं आरोग्य यांत समाजाचं पारडं जड, असं म्हणून खंडपीठाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमनिकची नोकरीही गेली. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी कार्यालय थाटावं, याबद्दल मला वाटणारा आदर शब्दांत मांडता येत नाही.

आणि मग १९९७. मुंबई उच्च न्यायालयात एक खटला होता ज्यात याचिकाकर्त्याला नाव नव्हतं. ‘एमएक्स’ एवढंच. ज्या सरकारी महामंडळाविरुद्ध तो आला होता त्यालाही नाव नव्हतं, ‘झेडवाय’. हा माणूस तिथे हंगामी मजूर होता. कायम करण्याची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला आणि यादीतून त्याचं नाव खोडलं. तब्येत धडधाकट, कामात खोट नाही. खरं नाव लावून न्यायालयात जावं तर उद्या चाळीत, गावात, मुलांच्या शाळेत सगळ्यांना कळणार. न जावं तर नोकरी गेली. नाव झाकून न्याय मागण्याची मुभा न्यायालयाने दिली, हीच मोठी गोष्ट होती. निकालही त्याच्या बाजूने लागला. जो माणूस काम करायला समर्थ आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खराखुरा धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. यादीत नाव परत आलं, बुडालेल्या उत्पन्नापोटी चाळीस हजार रुपये मिळाले.

गोव्याच्या खटल्यात जी भीती निकालावर बसली होती, तिला मुंबईच्या खटल्यात उत्तर मिळालं. मधल्या आठ वर्षांत विज्ञान पुढे गेलं होतं हे आहेच. पण तोवर कोणी तो विषय धरून बसलं होतं हेही आहे. पुढे या संस्थेने एचआयव्हीग्रस्तांच्या हक्कांच्या कायद्याचा मसुदा केला, राज्याराज्यांत बैठका घेतल्या, सरकारकडे वर्षानुवर्षं खेटे घातले. तो कायदा २०१७ मध्ये झाला. त्याचं तिसरं कलम मी आवर्जून वाचलं. भेदभावाचे जे प्रकार तिथे निषिद्ध केले आहेत, त्यांत माणसाला वेगळं कोंडून ठेवणं आहे आणि नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणंही आहे. एक डॉमनिकचं दुःख, दुसरं एमएक्सचं. ओळख झाकून खटला चालवण्याची सोयही त्याच कायद्यात स्वतंत्र कलम होऊन आली आहे. ‘पारडं जड’ म्हणणाऱ्या निकालापासून इथवर यायला अठ्ठावीस वर्षं लागली.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्धचा लढाही असाच. एचआयव्हीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनच्या वतीने लॉयर्स कलेक्टिव्हने २००१ मध्ये दिल्लीत याचिका केली, ती २००४ मध्ये फेटाळली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ती परत पाठवली, २००९ मध्ये जिंकली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली, आणि २०१८ मध्ये वेगळ्या याचिकाकर्त्यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी २०१३ चा निकाल पुसला. सतरा वर्षं. एवढा काळ एका प्रश्नाला चिकटून राहायला नुसता उत्साह पुरत नाही. कार्यालय लागतं, पगारी माणसं लागतात, फायली जपाव्या लागतात.

आता माझ्या ओळखीच्या जागेकडे येते. मी एका तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा हे आमचं रोजचं हत्यार. या कायद्याच्या मसुद्यामागे लॉयर्स कलेक्टिव्हची मोठी मेहनत आहे. सरकारने २००२ मध्ये आणलेल्या विधेयकात नवरा ‘सवयीने’ मारत असेल तरच ती हिंसा, आणि स्वसंरक्षणासाठी मारलं तर चालेल, अशा पळवाटा होत्या. घरात राहण्याच्या हक्काचा पत्ता नव्हता. देशभरच्या स्त्री संघटनांनी ते विधेयक हाणून पाडलं. मग जो कायदा आला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला, त्याचं सतरावं कलम म्हणतं की बाईचा घरावर मालकी हक्क असो वा नसो, तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे.

हे कलम केंद्रात बसून बायकांना सांगणं हा माझ्या कामातला सर्वांत समाधानाचा भाग आहे. बाई येते तेव्हा पहिलं वाक्य बहुधा एकच असतं. “ताई, घर तर सासूच्या नावावर आहे. मला कोण राहू देणार?” मग आम्ही घटना अहवाल भरायला घेतो. छापील फॉर्म आहे, त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक असे रकाने आहेत. मारहाणीचं बायका पटकन सांगतात. आर्थिक हिंसेच्या रकान्यापाशी आलं की थबकतात. घरखर्चाला पैसे देतात का? औषधाला? तुम्ही कामाला जायच्या ते कोणी बंद केलं? अंगावरचे दागिने कुठे आहेत? एक मावशी मला म्हणाल्या, “हे पण लिहायचं असतं होय? हे तर चालतंच की.” आम्ही लिहून घेतलं. मंगळसूत्र किती ग्रॅमचं, कधी गहाण पडलं, पावती कोणाकडे आहे. सासरी राहत होत्या याला पुरावा म्हणून रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, मतदार यादीतलं नाव, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तुळशीवाडीच्या बांबूंचे सातशे रुपये लिहून घेणाऱ्या माणसाचं काम आणि आमचं काम एकाच जातकुळीचं आहे, असं मला मनापासून वाटतं आणि त्याचा अभिमान आहे.

कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सतराव्या कलमाचा जीवच काढून घेतला. डिसेंबर २००६ च्या बत्रा खटल्यात त्यांनी म्हटलं की नवऱ्याच्या मालकीचं, भाड्याचं किंवा त्याचा वाटा असलेल्या एकत्र कुटुंबाचं घर असेल तरच तो हक्क. घर सासूचं असेल तर नाही. आपल्याकडे घर कोणाच्या नावावर असतं? सासऱ्याच्या, सासूच्या. आणि ज्या घरात ते मुलाच्या नावावर असतं तिथेही भांडण सुरू झाल्यावर आईच्या नावावर करायला तालुक्याला एक फेरी पुरते. मी केंद्रात लागले तेव्हा समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य ‘बत्रा’ हेच असायचं. त्या एका नावावर किती बायका माहेरच्या पडवीत आयुष्य काढायला गेल्या असतील, याचा विचार आजही त्रास देतो.

तो निकाल चुकीचा आहे हे या क्षेत्रातली माणसं लिहीत राहिली, खालच्या न्यायालयांत वेगळ्या मुद्द्यांवर वाट काढत राहिली. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी बत्रा निकाल चुकीचा ठरवला. सासू-सासऱ्यांच्या घरातही, बाई तिथे संसार करत राहिली असेल तर, तिला निवाऱ्याचा हक्क मागता येतो. सासू-सासऱ्यांच्या म्हातारपणाचाही विचार न्यायालयाने करायचा आहे, सून म्हणून सरसकट मुभा नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. पण दार उघडलं.

याच सुमाराला संस्था स्वतः अडचणीत होती. परदेशी देणग्या घेण्याची तिची परवानगी केंद्र सरकारने २०१६ मध्ये रद्द केली. २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवून जयसिंग आणि ग्रोव्हर यांच्या घरांवर आणि कार्यालयांवर छापे घातले. आरोप परदेशी निधीच्या गैरवापराचे होते. दोघांनी ते नाकारले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईपासून त्यांना संरक्षण दिलं. हिशेबाची चौकशी कोणत्याही संस्थेची व्हावी, त्याला माझी हरकत नाही. पण सरकारविरुद्ध खटले लढणाऱ्यांच्या दारात पहाटे अधिकारी उभे राहतात तेव्हा तालुक्यातल्या तरुण वकिलाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे फुकट केस घेणाऱ्या एका मुलीला तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात विचारलं होतं, “तुला या भानगडीत पडायलाच हवं का?” ती पडली. अजून आमच्याबरोबर आहे.

अशा संस्थेची उणीव नेमकी कुठे जाणवते ते सांगते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाल्यानंतर लॉयर्स कलेक्टिव्ह काही वर्षं एक काम करायची. देशभरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेले आदेश गोळा करून वाचायचे, या कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमायचे संरक्षण अधिकारी किती नेमले आहेत, त्यांना इतर कामं किती आहेत, याची पाहणी करायची आणि अहवाल काढायचा. रटाळ, न दिसणारं काम. पण त्याशिवाय कायदा कागदावरून खाली उतरला की नाही हे कोणालाच कळत नाही. कायदा म्हणतो, अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्या आणि साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा. आमच्याकडे समन्स बजावून परत यायलाच कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. नवरा पुण्याला कंपनीत, पत्ता अर्धवट, पोलिसांकडे मनुष्यबळ नाही, तारीख पुढे.

म्हणून आम्ही केंद्रातच एक रजिस्टर घातलं आहे. अर्ज कधी दाखल झाला, पहिली तारीख कधी पडली, समन्स कधी बजावलं, अंतरिम पोटगीचा आदेश कधी झाला आणि पैसे हातात कधी आले, असे पाच रकाने. शेवटचा रकाना आमच्या वकील मुलीने सुचवला, कारण आदेश झाला म्हणजे पैसे मिळाले असं सगळे धरून चालतात. शेजारच्या दोन तालुक्यांतल्या केंद्रांनीही हेच रकाने आखून घेतलेत. वर्षअखेरीस तिन्ही रजिस्टरं एकत्र करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासमोर ठेवायची आहेत. त्यांनी काही केलं नाही, तर उच्च न्यायालयात याचिका करायची, आणि तिला जोडायला आमच्याकडे आकडे असतील.